खाण्याच्या आजारातून बरी होऊन परत आलेल्या पोरीबद्दल : लातूरच्या क्लास, हॉस्टेल आणि मेसवाल्यांना खुले पत्र

ट्यूशन एरियातले सर्व संचालक सर, हॉस्टेलच्या रेक्टर मॅडम आणि मेस चालवणाऱ्या काकू-मावश्या,

सप्रेम नमस्कार.

तुमच्यातले बरेच जण मला बायोच्या मॅडम म्हणून ओळखतात. दोन-चार जणांना मी त्याच्याही आधीची माहीत आहे : मेडिकल प्रवेशाची परीक्षा पुन्हा देणाऱ्या २०१६ च्या रिपीटर बॅचमधली, मेसला महिन्यात वीस-वीस खाडे टाकणारी पोरगी. हे पत्र त्या पोरीचं आहे. मॅडमला फक्त समजावून सांगायला सोबत घेतलंय.

निमित्त साधंच घडलं. गेल्या महिन्यात एका काकूंच्या मेसमध्ये रात्रीची जेवायला बसले होते. एक मुलगी आली, ताट घेतलं, पोळी मोडली आणि मोडतच राहिली. एका घासाचे चार तुकडे, चाराचे आठ. वरणात बुडवायची, बाजूला ठेवायची, परत उचलायची. काकू माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, "ही ती बघा, मागच्या साली बापानं घरी नेलती. आता बरी झाली की, अंगानं चांगली भरली. पण नखरे काय जाईनात."

काकू मनानं मोठ्या आहेत. त्यांच्या मेसला पातळ वरण मिळत नाही, एवढं सांगितलं की लातूरकरांना कळेल. पण 'बरी झाली' आणि 'नखरे' हे दोन शब्द माझ्या डोक्यातून गेले नाहीत. मी बरी होऊन आले तेव्हा माझ्याबद्दलही हेच दोन शब्द बोलले जायचे.

माझ्या आजाराचं नाव ॲनोरेक्सिया नर्व्होसा : वजन वाढायच्या भीतीनं माणूस स्वतःला उपाशी ठेवतो. १८७३ मध्ये लंडनच्या विल्यम गल या डॉक्टरांनी ते दिलं, आणि नाव जरा चुकलंच. त्याचा अर्थ होतो भूक नसणं. भूक असते हो. दिवसरात्र असते. स्वप्नात हुरडा यायचा माझ्या. खाऊन नंतर ओकून टाकायचा जो प्रकार, तो बुलिमिया. त्याला वेगळं नाव मिळालं १९७९ मध्ये, जेराल्ड रसेल यांच्याकडून. हे आजार मुलांनाही होतात, पण पोराची बरगडी दिसली तर 'व्यायाम करतंय' म्हणून आपण पुढं जातो. मानसिक आजारांमध्ये ज्यांनी माणूस जास्त दगावतो, त्यांत ॲनोरेक्सिया वरच्या रांगेत आहे. श्रीमंतांच्या लेकींचं खूळ म्हणून कुणी बाजूला सारू नये, एवढ्यासाठी हे सांगितलं. माझ्या वडिलांची चार एकर कोरडवाहू आहे.

एप्रिल २०१६ आठवतोय ना? मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तो. मेसमध्ये भांडी घासायला पाणी नव्हतं, म्हणून पत्रावळ्या आल्या. पत्रावळ दुमडून टाकली की आत काय राहिलं हे कुणाला दिसत नाही. त्या दोन महिन्यांत मी जी घसरले ती घसरलेच. किती किलोवर आले होते ते लिहिणार नाही. असा आकडा वाचून त्याच्याशी शर्यत लावणाऱ्या पोरी मला माहीत आहेत. घरी नेल्यावर आधी कावीळ झाली म्हणाले, मग रक्त कमी, मग बाहेरचं काही. लिंबूसुद्धा उतरवून झालं. शेवटी एका मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी आईला विचारलं, "पाळी कधीपासून नाही?" तिथून उपचार सुरू झाले. पुढं दीड-पावणेदोन वर्षांनी वजन आलं, पाळी आली. फिट असल्याचा दाखला घेऊन मी पुन्हा लातूरच्या स्टँडवर उतरले.

ज्या क्लासमध्ये गेले तिथल्या सरांनी दाखला फाईलला लावला आणि म्हणाले, "आता फिट आहेस ना? मग आता कारणं नकोत." हॉस्टेलच्या बाईंनी झडतीत माझी गोळ्यांची स्ट्रिप काढून घेतली. "बरी झालीस तर गोळ्या कशाला?" क्लासचं आणि हॉस्टेलचं नाव लिहीत नाही. नाव लिहिलं तर बाकीचे सगळे सुटल्यासारखं वाटून घेतील.

आता मॅडमचं ऐका.

बरं होणं म्हणजे काय, हा प्रश्न अमेरिकेत वॉल्टर के नावाच्या मानसोपचारतज्ज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फार चिकाटीनं धरला. आधी पिट्सबर्ग विद्यापीठात, मग सॅन डिएगोला. आजारी माणसाचा मेंदू तपासण्यात एक अडचण असते : जे दिसतं ते आजाराचं की नुसत्या उपासमारीचं, हे सांगता येत नाही. म्हणून त्यांनी बऱ्या झालेल्या बायका घेतल्या. निकष कडक होते. किमान वर्षभर वजन ठीक, पाळी नियमित, उपाशी राहणं नाही, ओकणं नाही, मेंदूवर काम करणारं औषध चालू नाही. थोडक्यात, काकूंच्या भाषेत 'अंगानं भरलेल्या'. माझ्या फिटच्या दाखल्यापेक्षा हे माप कितीतरी वरचं.

आणि तरी फरक सापडला.

पहिला सापडला सेरोटोनिनमध्ये. पेशीपेशींमधल्या निरोपाचं हे एक रसायन. ते वापरून झालं की त्याचा जो चोथा उरतो तो पाठीच्या कण्यातल्या पाण्यात मोजता येतो. आजारी असताना हा चोथा कमी असतो, कारण कच्चा मालच नसतो. सेरोटोनिन बनतं ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लापासून, म्हणजे प्रथिनाच्या एका विटेपासून, आणि ट्रिप्टोफॅन शरीर स्वतः बनवू शकत नाही, ते ताटातूनच यायला लागतं : डाळ, दूध, शेंगदाणे. पण १९९१ मध्ये के यांच्या गटाने दाखवलं की वजन भरून बराच काळ लोटलेल्या बायकांमध्ये हा चोथा इतरांपेक्षा जास्त निघतो. पुढे पीईटी स्कॅनवर, म्हणजे मेंदूतल्या रसायनांचं काम दाखवणाऱ्या तपासणीत, सेरोटोनिन ज्या कुलपांना जाऊन लागतं, त्यांतल्या काही प्रकारांतही बऱ्या झालेल्यांमध्ये फरक दिसला.

आपल्याकडे मोबाईलवर फिरणाऱ्या आरोग्याच्या निरोपांनी सगळ्यांना पढवून ठेवलंय की सेरोटोनिन म्हणजे आनंदाचं रसायन, जितकं जास्त तितकं बरं. तसं सरळ नाही ते. के यांचं म्हणणं असं की या मुलींच्या बाबतीत त्याची चलबिचल धास्तीशी बांधलेली असावी. २००३ मध्ये त्यांनी आजारी आणि बऱ्या झालेल्या, अशा दोन्ही गटांतल्या बायकांना एक पेय दिलं. त्यात बाकीची अमिनो आम्लं होती, ट्रिप्टोफॅन नव्हतं. तसं पेय पोटात गेलं की मेंदूला ट्रिप्टोफॅन कमी पोचतं. दोन्ही गटांची धास्ती कमी झाली.

हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून गच्चीवर जाऊन बसले होते. कारण हे मला ठाऊक होतं. आजाराच्या काळात दोन वेळा उपाशी राहिलं की डोक्यातला गलका थांबायचा, आणि आईनं बळजबरीनं दूधभात भरवला की तासाभरात छातीत धडधड. घरचे म्हणायचे, खाल्ल्यावर माणसाला बरं वाटतं, हिलाच कसं वाईट वाटतं? ढोंग आहे. ते ढोंग नव्हतं. पोळी-भात खाल्ला की इन्सुलिन वाढतं, बाकीची अमिनो आम्लं स्नायूंकडे वळतात आणि ट्रिप्टोफॅनला मेंदूची वाट मोकळी मिळते. हे तर आपण सगळे फळ्यावर शिकवू शकू इतकं सोपं आहे. ज्या पोरीचा मेंदू या वाढीला धास्तीनं उत्तर देतो, तिला प्रत्येक जेवण ही चढण असते. बरी झालेली पोरगी रोज दोनदा ती चढते आणि तुम्ही तिला विचारता, पोळीला एवढा वेळ का लागायलाय?

पोळीच्या तुकड्यांचंही सांगते. १९४४-४५ मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज यांनी ३६ धडधाकट तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं होतं, त्यांच्या संमतीनं. महायुद्धात उपासमार झालेल्या लोकांना परत खायला कसं घालायचं ते शिकायला. ते तरुण अन्नाचे बारीक तुकडे करून तासभर पुरवायला लागले, ताट चाटायला लागले, पाककृतींची पुस्तकं जमवायला लागले. त्यांतल्या कुणाला नखरे करायची हौस नव्हती. उपाशी मेंदू हे करायला लावतो. पोटभर मिळायला लागल्यावरही त्यांची घडी बसायला महिनोन्महिने गेले. ते तर नुसते उपाशी ठेवलेले होते; आमच्यासारख्यांच्या मेंदूची बनावटच मुळात जरा वेगळी दिसते.

चवीचं बघा. मी घरी परतल्यावरची येळवस, म्हणजे वेळ अमावस्या, आठवते. शेतात कडब्याची कोप, आत पांडव मांडलेले, मडक्यात आंबील, भज्जी, बाजरीचे उंडे. सगळं गाव रानात. काका म्हणाले, "औंदा भज्जी काय जमलीय!" सगळ्यांनी माना डोलवल्या. मी पण डोलवली. खरं सांगायचं तर मला कळत नव्हतं. आंबट लागत होतं, तिखट लागत होतं, मीठ लागत होतं, पण 'छान' लागत नव्हतं. मला वाटलं माझी जीभ गेली. २००८ मध्ये के यांच्याच गटाने बऱ्या झालेल्या बायकांना स्कॅनरमध्ये साखरेचं पाणी चाखायला दिलं होतं. इन्सुला नावाचा मेंदूचा भाग चवीची पहिली नोंद घेतो, आणि पोटातून-छातीतून येणाऱ्या खबरांचीही. त्या बायकांच्या इन्सुलानं साखरेला कमी दाद दिली. इतर बायकांमध्ये चव जितकी आवडली तितका इन्सुला उजळला होता. या बायकांमध्ये तो मेळ नव्हता. जीभ शाबूत होती, जिभेची बातमी पुढं पोचून तिचं सुख व्हायला पाहिजे ते होत नव्हतं. म्हणून काकू, तुम्ही प्रेमानं "कसं झालंय?" विचारता आणि ती "बरंय" म्हणून गप्प बसते, त्याचा राग मानू नका. तिला कदाचित तेवढंच लागलेलं असतं.

आता संचालक सर, तुमच्याकडे येते. डोपामाइन, म्हणजे बक्षिसाची ओढ लावणारं मेंदूतलं रसायन. याच्यावर तर तुमचा सगळा कारखाना चालतो. रविवारची टेस्ट, संध्याकाळी ग्रुपवर रँक लिस्ट, पहिल्या दहांना पिझ्झा. २००५ मध्ये गुइडो फ्रँक आणि के यांनी स्कॅन करून दाखवलं की बऱ्या झालेल्या बायकांमध्ये, मेंदूच्या बक्षीस ओळखणाऱ्या भागात, डोपामाइनच्या डी-टू, डी-थ्री या कुलपांना तपासणीचं द्रव्य जास्त चिकटलेलं दिसतं. दोन वर्षांनी पैसे जिंकायच्या-हरायच्या अंदाजाचा एक खेळ दिला. इतर बायकांच्या त्या भागात जिंकणं वेगळं उमटलं, हरणं वेगळं. बऱ्या झालेल्यांमध्ये जिंकणं आणि हरणं जवळपास सारखंच उमटलं. जास्त काम करत होता तो दुसराच भाग, पुढं काय होईल आणि नियम काय सांगतो याची काळजी वाहणारा. २०१२ मध्ये तर डोपामाइन सुटायला लावणारं औषध देऊन पाहिलं. इतरांना जितकं डोपामाइन सुटलं तितकं मस्त वाटलं. यांना तितकी धास्ती वाटली.

मी बरी होऊन परत आले त्या वर्षी मला एका टेस्टला ७२० पैकी ६११ आले होते. बॅचमध्ये तिसरी. सरांनी उभं करून टाळ्या वाजवायला लावल्या. मला टाळ्या ऐकू आल्या आणि पोटात गोळा आला : पुढच्या रविवारी ६११ च्या खाली गेले तर? आणि ती पिझ्झाची पार्टी. सगळ्यांसमोर, बक्षीस म्हणून, फोटो काढत खायचं. मी त्या रात्री मैत्रिणीच्या खोलीवर झोपायला गेले म्हणून वाचले, नाहीतर जुना रस्ता दोन पावलांवर होता.

तुम्ही म्हणाल, हे अभ्यास किती लोकांवर? खरं आहे, एकेका अभ्यासात दहा-पंधरा बायका, त्याही अमेरिकेतल्या. लातूरच्या पोरीचं कुणी स्कॅन केलेलं नाही. आणि हा फरक आजाराच्या आधीपासून होता की आजारानं मागं ठेवलेला वण आहे, हा वाद अजून मिटलेला नाही. माझं मत विचाराल तर दोन्ही. अशा अनेकींना लहानपणापासूनच धास्ती असते, आजार नंतर येतो. जुळ्यांच्या अभ्यासांतून आनुवंशिकतेचा वाटाही मोठा निघतो. माझ्या वहीत खाडाखोड झाली की मी पान फाडून पहिल्यापासून लिहायचे, तेव्हा चौथीत होते. मास्तर कौतुक करायचे. उलट बाजूही सांगायला पाहिजे : उपासमारीत मेंदूचा जो करडा भाग आकसतो, तो वजन परत आल्यावर बऱ्याच अंशी भरून येतो. मेंदू कायमचा गेला असं काही नाही. मी रोज सहा तास शिकवते, कुणाला त्यात काही खोट दिसलेली नाही.

गोळ्यांचंही दोन वाक्यांत. फ्लुओक्सेटिन हे नैराश्यावरचं औषध बुलिमियासाठी अमेरिकेत १९९४ पासून मान्य आहे. ॲनोरेक्सियात वजन भरल्यावर ते दिलं तर औषध नसलेल्या नुसत्या दिसायच्या गोळीपेक्षा वरचढ ठरलं नाही, असं २००६ च्या मोठ्या चाचणीत दिसलं. म्हणजे खरं औषध ताटच. पण डॉक्टरांनी धास्तीसाठी, झोपेसाठी काही लिहून दिलं असेल तर ते का दिलं हे डॉक्टर जाणतात. रेक्टर मॅडम, कुणाचीही स्ट्रिप काढून घेऊ नका. मधुमेहाच्या पोरीचं इन्सुलिन काढून घ्याल का? २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा आहे देशात. अशा रुग्णाला शारीरिक आजाराच्या रुग्णासारखंच वागवा, असं त्यात लिहिलंय. महिन्यातून एकदा तिला ओपीडीला जायचं असतं. तेवढा दिवस गैरहजेरी लावू नका, आणि बसमध्ये बसल्यावर फोन करून "कधी येणार, टेस्ट बुडेल" असंही नको.

रँक लिस्टबद्दल मी काही नवीन मागत नाही. जानेवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारनं कोचिंगसाठी ज्या सूचना काढल्या, त्यांतच आहे की क्लासच्या टेस्टचा निकाल जाहीर करू नये, तो गोपनीय ठेवावा. तुम्ही त्या सूचना वाचल्यात. माझ्यासमोर बैठकीत चहा पीत वाचल्यात. रविवारची टेस्ट दीडला सुटते, शंकासमाधान अडीचपर्यंत चालतं आणि मेस दोनला बंद होते. बाकी पोरं बाहेर वडापाव खाऊन मोकळी होतात. आमच्यासारखीला 'मेस बंद होती' हे सोन्यासारखं निमित्त मिळतं. उपचारात सगळ्यांत आधी शिकवतात ते हे की ठरलेल्या वेळी खायचं, भूक लागो न लागो. एकतर टेस्टची वेळ हलवा, नाहीतर काकू, झाकून ठेवा चार ताटं.

उपासाचं नाजूक आहे, तरी लिहिते. नवरात्रात आपल्या हॉस्टेलांमध्ये निम्म्या पोरी उठता-बसता धरतात, काही तर नऊ दिवस कडक. तुळजापूर एवढं जवळ, श्रद्धा असणारच. पण ज्या मेंदूला उपाशीपोटी शांत वाटतं त्याला नऊ दिवस उपास म्हणजे दारू सुटलेल्या माणसाला तीर्थ म्हणून घोटभर पाजणं. माझ्या आईनं काय केलं ऐका. मला तुळजापूरला नेलं, ओटी भरली आणि देवीपुढं उभी राहून मोठ्यांदा म्हणाली, "आई, हिचे उपास आता मी करीन, हिला मोकळी कर." पुजारी हसले. मी घरी येऊन साबुदाण्याऐवजी भाकरी खाल्ली. कुण्या पोरीनं उपास धरला नाही तर "देवधर्म काही शिकवलं नाही का घरी" असं कुणी बोलू नये, एवढं बघा.

आणि अंगावर बोलणं. "वाळलीस" नको, तसं "भरलीस" पण नको. काकू, तुम्हाला कौतुक वाटतं ते कळतं, पण तिच्या कानात तो शब्द दुसराच होऊन पडतो. तिच्या समोर बसून बोला की. गावाकडं पाऊस झाला का, सोयाबीनला भाव काय, बहिणीचं कुठं जमलं का. माझ्या त्या दुसऱ्या वर्षी एक मावशी होत्या पोळ्या लाटायला. त्या रात्री स्वतःचं ताट घेऊन माझ्यासमोर बसायच्या आणि सुनेच्या कागाळ्या सांगायच्या. माझ्या ताटाकडं एकदाही बघायच्या नाहीत. त्यांची कागाळी संपेपर्यंत माझी पोळी संपलेली असायची. मी आज जी काही आहे त्यात गोळ्यांचा वाटा आहे, डॉक्टर बाईंचा आहे, आईचा आहे, आणि त्या सुनेचाही आहे.

रात्री-बेरात्री एखादीचं बिनसलं आणि काय करावं सुचलं नाही, तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलतात. हॉस्टेलच्या जिन्यात लिहून लावा. जिन्यात म्हणजे जिन्यातच, ऑफिसच्या आत नको; ऑफिससमोर थांबून नंबर लिहून घ्यायची हिंमत कुणात नसते.

शेवटचं काम खाडावहीचं. सगळ्या लातुरात लेकरू जेवतंय की नाही याची तारीखवार नोंद फक्त त्या एका वहीत असते, आणि ती आपण महिनाअखेर पैसे वजा करायलाच उघडतो. माझे वीस-वीस खाडे त्या वहीत होते. कुणी चोरून लपवले नव्हते. जूनमध्ये नव्या वह्या आणाल तेव्हा खाड्याच्या रकान्याशेजारी एक रकाना रिकामा आखून ठेवा. त्यात काय लिहायचं, कितव्या खाड्याला कुणी कुणाशी आणि कसं बोलायचं, की पोरीला पाळत वाटू नये, हे बसून ठरवावं लागेल. मी येते. मेस आवरल्यावर, साडेनऊनंतर. जेवायलाही थांबते, फक्त वाढताना बळंच करू नका.

आपली,
बायोच्या मॅडम,
लातूर